पापनाशमचा थांबा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, "साहेब, पेन आटलं का?" पेन आटलं नव्हतं. एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहिल्याशिवाय दुसरी सुचत नव्हती, एवढंच.

जानेवारीत एका सरकारी कामासाठी तंजावरला गेलो होतो. काम दोन दिवसांचं, ते दीड दिवसात उरकलं. तंजावर म्हणजे मराठी माणसाला अर्धं माहेरच. व्यंकोजीराजांपासूनचं भोसल्यांचं राज्य, सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा तो लांबलचक मराठी शिलालेख. सगळं बघायचं होतं. पण माझ्या खिशात एक पत्ता होता आणि तो अकरा वर्षं एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात फिरत होता. पापनाशम तालुक्यातल्या एका खेड्याचा.

पापनाशम हे तंजावर-कुंभकोणम लोहमार्गावरचं गाव, तंजावरपासून साधारण पंचवीस किलोमीटर. नावाचा अर्थ सांगायला नको, पाप नाश पावतं ते ठिकाण. इथे रामलिंगस्वामीचं देऊळ आहे, एकशे आठ शिवलिंगांचं. कथा अशी की खर-दूषणांना मारल्याचं पाप रामाच्या मागे लागलं होतं आणि लंकेहून परतताना त्याने इथे लिंगं स्थापून पूजा केली. मला ही कथा फार आवडली. युद्ध न्यायाचं होतं, मारलेले राक्षस होते, मारणारा प्रत्यक्ष राम होता, तरीही त्याला कुठेतरी थांबून हात धुवावेसे वाटले. आमच्याकडे कोर्ट ऑफ एन्क्वायरी 'दोष नाही' म्हणून मोकळी होते. रामाची झाली नव्हती.

आता माझी गोष्ट.

मी नगरचा. घराणं ख्रिस्ती, तीन-चार पिढ्यांपासूनचं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, त्या मिशनच्या सावलीत वाढलेल्या असंख्य कुटुंबांपैकी एक आमचं. घरात भाषा अस्सल नगरी, सणाला पुरणपोळी आणि नाताळला करंज्या. आजी पहाटे चूल पेटवताना रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायची. 'उपासना संगीत' तिला पाठ होतं. पुस्तक उघडायची ते फक्त आम्हा पोरांना दाखवायला, की बघा, असं पुस्तक धरून बसायचं असतं. पप्पा शाळामास्तर. मी खडकवासल्याला निघालो तेव्हा आजीने स्वतःचं बायबल माझ्या काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवलं आणि म्हणाली, "दमलास की वाच. रोज नाही वाचलंस तरी चालेल." पहिल्या टर्मला दमण्याखेरीज दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे बरंच वाचून झालं.

पुढे माझी पलटण दक्षिण भारतीय जवानांची. मोडकं-तोडकं तमिळ शिकलो, इडलीवर प्रेम करायला शिकलो. रविवारची मंदिर परेड असते, त्यात मी सगळ्यांबरोबर उभा राहतो, टाळ्या वाजवतो, प्रसाद घेतो. यावर आमच्या मंडळीतल्या काहींच्या भुवया वर जातात. अलीकडे एका ख्रिस्ती अधिकाऱ्याचं या बाबतीतलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते आपण वाचलंच असेल. गणवेश अंगावर असेपर्यंत त्यावर मी काही लिहिणार नाही. माझ्यापुरतं सांगतो, माझे जवान जिथे डोकं टेकवतात तिथे मला परकं वाटलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी मेजर होतो, एका उंच बर्फाळ भागात कंपनी कमांडर. त्या कंपनीत एक रेडिओ ऑपरेटर होता. नाव लिहीत नाही. वय चोवीस, हसरा, सेट असा हाताळायचा की जणू वीणाच. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, रजा मंजूर झाली होती, मंगळवारी खाली जाणाऱ्या तुकडीबरोबर तो उतरणार होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, दोन दिवसांनी जा. लग्नाला अजून दहा दिवस होते.

गुरुवारी उतरताना हिमस्खलन झालं. तुकडीतले बाकीचे वाचले. तो सापडला तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीत विचारलं, का थांबवलं? मी सांगितलं, त्याचा बदली ऑपरेटर वर पोहोचला नव्हता. हे खरं होतं. कागदावर तेच आलं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण पूर्ण खरं असं की दुसरा एक ऑपरेटर होता, काम चालवून नेलं असतं. बुधवारी एक वरिष्ठ अधिकारी पोस्टला भेट देणार होते आणि त्यांच्यासमोर माझं संपर्कयंत्र एकदाही खरखरू नये अशी माझी इच्छा होती. बस. हवामानामुळे ती भेट रद्द झाली. ते आलेच नाहीत.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला तीन वर्षांनी सांगितलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्याच्या आईला माहीत आहे का?"

आता मूळ विषयाकडे येतो, कारण हा लेख माझ्या पश्चात्तापाचा नाही, तो एका मताचा आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळींत, आणि खरं म्हणजे सगळ्याच धर्मांच्या मंडळींत, 'शांती' हा शब्द हल्ली औषधाच्या गोळीसारखा वापरला जातो. प्रवचन ऐका, शांती मिळेल. प्रार्थना करा, समाधान लाभेल. चिंता त्याच्यावर टाका आणि झोपा. मीही टाकली. त्या घटनेनंतर जिथे बदली झाली तिथल्या चर्चमध्ये दर रविवारी गुडघे टेकले. एका पाळकांना अर्धंमुर्धं सांगितलं, ते मनापासून म्हणाले, "प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे, आता तुम्ही स्वतःला क्षमा करा." माणूस भला होता. पण बाहेर पडताना माझ्या डोक्यात आलं की या व्यवहारात तिसरा पक्ष कुठेच नाही. कर्ज घेतलं एकाकडून आणि पावती दुसऱ्याच्याच हातून घेऊन मी घरी चाललोय.

थोडी झोप लागायला लागली होती, हेही कबूल करतो. तीच मला पुढे खटकत राहिली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशूने एक अगदी व्यावहारिक सूचना केली आहे. तुम्ही वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा, मग परत या. शेकडो वेळा ऐकलेला उतारा. पण यातला क्रम मी कधी नीट पाहिला नव्हता. फौजेत क्रमाला महत्त्व असतं, ऑर्डर ज्या क्रमाने दिली त्या क्रमाने अमलात आणायची. इथे क्रम स्पष्ट आहे. आधी माणूस, मग वेदी. आपण अर्पण आधी टाकून मोकळे होतो आणि माणूस राहून जातो. वर म्हणतो, शांती का मिळत नाही?

आणखी एक जागा. लूकच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्मा देत असताना काही शिपाई त्याच्याकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. म्हणतो, कोणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. (निवृत्त मित्रांनो, वन रँक वन पेन्शनचं गाऱ्हाणं इथे आणू नका. त्यावर मी तुमच्याच बाजूने आहे.) समाधान हा शब्द तिथे येतो तो रोजच्या वागणुकीला जोडून, ध्यानाला जोडून नव्हे. पौलही लिहितो की कुठल्याही परिस्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे, आणि ते लिहितो कैदेत असताना. शिकलो म्हणतो, मिळालं म्हणत नाही. एनडीएत ड्रिल शिकवतात तसं ते असणार. पहिले सहा महिने सगळे पाय चुकीचेच पडतात.

तंजावरला पहिल्या दिवशी संध्याकाळी शिवगंगा बागेजवळच्या जुन्या चर्चमध्ये गेलो. हे श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याने १७७९ साली बांधलं. ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ, जन्म प्रशियात १७२६ चा, १७५० साली तरंगमबाडीला उतरला आणि पुन्हा कधी युरोपात गेला नाही. लग्न केलं नाही. तमिळ तर शिकलाच, राजदरबारासाठी मराठीही शिकला. त्रिचनापल्लीत दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन सैनिकांची मुलं अनाथ झाली, तेव्हा त्यांच्यासाठी त्याने शाळा काढली. तिथल्या गोऱ्या पलटणीचा धर्मगुरू म्हणून कंपनी त्याला पगार द्यायची, त्यातला मोठा भाग अशाच कामांत जायचा.

चर्चमध्ये संगमरवरावर कोरलेलं एक दृश्य आहे, इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनने केलेलं. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि त्याचा हात धरून पगडीतला एक तरुण उभा आहे. तो तरुण म्हणजे आपले सरफोजी राजे. तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि या पाद्र्याच्या हाती सोपवलं. पुढे गादी गेली अमरसिंगाकडे, पोराचे हाल सुरू झाले, श्वार्ट्झने त्याला तिथून काढून मद्रासला नेलं, शिकवलं आणि गादीच्या हक्कासाठी कंपनी सरकारशी पत्रव्यवहार केला. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. हे स्मारक त्यांनीच करवून घेतलं आणि त्यावरच्या इंग्रजी ओळीही स्वतः लिहिल्या.

यात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. सरफोजी शेवटपर्यंत शिवभक्त हिंदू राहिले. बृहदीश्वराचा शिलालेख त्यांनीच कोरवला. आणि श्वार्ट्झ शेवटपर्यंत धर्मप्रसारकच होता, त्याने आपला विश्वास लपवला नाही. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला फसवलं नाही. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत या दोघांना बसवलं तर सूत्रसंचालकाला पाच मिनिटांत जाहिरात घ्यावी लागेल.

श्वार्ट्झबद्दलची आणखी एक हकीकत मला सैनिक म्हणून भावते. १७८० नंतर हैदर अलीच्या स्वारीत तंजावर किल्ल्यात उपासमार सुरू झाली. आजूबाजूच्या खेड्यांत धान्य होतं, पण शेतकरी ते आणेनात, कारण राजाच्या आणि कंपनीच्या माणसांनी आधी पैसे बुडवले होते. शेवटी श्वार्ट्झने शब्द दिला की किंमत मी चुकती करीन, आणि लोकांनी धान्य आणलं. त्याआधी १७७९ साली कंपनीने हैदरकडे वाटाघाटीला पाठवला तोही हाच पाद्री, कारण बाकी कोणावर हैदरचा भरवसा नव्हता. म्हणजे एका राज्याची पत संपली होती, एका कंपनीची संपली होती आणि एका सुती कपड्यातल्या माणसाची शिल्लक होती. श्वार्ट्झला मनःशांती होती की नाही हे त्याच्या वहीत शोधायची गरज नाही. शेतकऱ्यांच्या बैलगाड्या किल्ल्याकडे निघाल्या त्यावरून कळतं.

मग रात्री खोलीत आरशात पाहून मी स्वतःला विचारलं, पापनाशम तालुक्यातला कोणी माझ्या शब्दावर धान्य आणील का?

आपल्या मराठीतलं उदाहरण सांगायचं तर टिळकांचंच. नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावचे चित्पावन, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी कशी मोजली हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही सांगायला नको. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा लेख इथेच सोडून ते वाचावं, तुमचा फायदा होईल. नवऱ्याने शांती शोधली आणि बायकोच्या वाट्याला काही वर्षं रडणं, ताटातूट आणि नातेवाइकांचे टोमणे आले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने, माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही हे पटल्यावर, १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणतो म्हणून नव्हे. ते पुस्तक ख्रिस्ती विश्वासाबद्दल प्रामाणिक आहे याचं कारण तेच, ती बाई स्वतःची फजिती आणि नवऱ्याचे दोष दोन्ही तितक्याच मोकळेपणाने सांगते.

आणि टिळक तरी शांत बसले का? १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचं पगारी काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा असलेलं ख्रिस्ताचं भारतीय मंडळ त्यांना हवं होतं. दोन वर्षांत ते गेले. लोक म्हणतात टिळकांना ख्रिस्तात समाधान सापडलं. मला वाटतं सापडलं, पण त्या समाधानाने त्यांना खुर्चीत बसू दिलं नाही, उलट खुर्चीतून उठवलं. आजीच्या तोंडी त्यांची भजनं मऊ वाटायची, म्हणून आपण समजतो की माणूसही तसाच मऊ असेल.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजर पकडली.

भाताची कापणी चालू होती. रस्त्याच्या अर्ध्या डांबरावर भात वाळत घातलेलं आणि उरलेल्या अर्ध्यावरून बसेस हॉर्न देत चाललेल्या. गावात शिरण्याआधी एक तास मी वेळ काढला, खरं सांगायचं तर भीतीने. तिरुपालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं धान्याचं कोठार आहे, विटांचं, गोल, वर निमुळतं होत गेलेलं. तीन हजार कलम धान्य मावायचं म्हणतात. तिथे उभा राहून मी काय बोलायचं याची तमिळमध्ये तालीम केली. रखवालदार माझ्याकडे संशयाने बघत होता.

घर पानमळ्यांच्या पलीकडे. विड्याच्या पानांचे वेल बघून क्षणभर मिरजेकडे आल्यासारखं वाटलं. पोंगलचा ऊस अजून दारात टेकवलेला. भिंतीवर त्याचा गणवेशातला फोटो, हार ताजा. वडील मध्यंतरी गेले होते. आई होती आणि योगायोगाने माहेरी आलेली तीच बहीण, जिचं लग्न तेव्हा होतं. ते लग्न पुढे वर्षभराने झालं.

मी ओळख सांगितली. आईने नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही. सांगायला लागलो. शब्द अडले तिथे बहीण पूर्ण करत होती, तिला हिंदी थोडं येत होतं. मी सांगितलं की अम्मा, त्याला मंगळवारी निघायचं होतं, मी थांबवलं.

आई म्हणाली, "तेरियुम." म्हणजे ठाऊक आहे.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बहिणीने समजावलं. सोमवारी रात्री त्याने फोन केला होता. आनंदात होता. म्हणाला, मोठे साहेब येणार आहेत, आमच्या मेजर सारना माझ्याशिवाय कोणाचा सेट चालत नाही, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलंय. आईने ही गोष्ट अकरा वर्षं जपून ठेवली होती. गावात सांगितली होती. माझ्या मुलाशिवाय साहेबांचं चालत नव्हतं.

मग तिने विचारलं, "मोठे साहेब आले होते ना?"

मित्रहो, याची तालीम मी केली नव्हती. एवढ्या वर्षांत मी माझ्या बाजूने सगळे प्रश्न आखून ठेवले होते, आणि तिच्याकडे काय आहे याचा विचारच केला नव्हता. खोटं बोललो असतो तर तिच्याजवळचं ते एक राहिलं असतं. मी म्हणालो, "नाही आले, अम्मा. हवामान बिघडलं. आणि तसाही दुसरा ऑपरेटर होता. त्याला थांबवायची गरज नव्हती. मला माझी शान दाखवायची होती."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून भांड्यांचाही आवाज येईना. बहीण जमिनीकडे बघत बसली. अंगणात एक सात-आठ वर्षांचं पोर, तिचंच, सायकलची चेन बसवत होतं आणि ती पुन्हापुन्हा निसटत होती.

आई आली ती कॉफी घेऊन. पितळी डवरा-टंबलर. समोर ठेवली आणि विचारलं, "इतकी वर्षं का नाही आलात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आयएमएच्या चेटवुड सभागृहात आम्हाला शिकवलेला क्रम सगळ्यांना पाठ आहे. देश आधी, मग तुमचे जवान, आणि स्वतःची सोय सगळ्यात शेवटी, कायम. अकरा वर्षं मी माझी सोय पाहिली आणि तिला प्रार्थना म्हणत राहिलो. "भीती वाटली," एवढंच म्हणालो. तिने मान हलवली. तिकडची मान हलवण्याची पद्धत अशी की हो की नाही ते कळत नाही.

तिने मला क्षमा केली का? तसं काही ती बोलली नाही आणि मी मागितलीही नाही. आपण चूक सांगायची आणि समोरच्याने लगेच माफीची पावती फाडायची, हीही एक वसुलीच झाली. माझं ओझं हलकं करताना मी तिच्या हातातलं काही काढून घेतलं का, हा प्रश्न परतीच्या गाडीत मला पोखरत होता. बायकोला फोन केला. ती म्हणाली, "सत्य सांगितलंस, ते बरोबर केलंस. बरं वाटण्याची अपेक्षा आत्ताच करू नकोस."

तरी एक सांगतो, प्रामाणिकपणे, कारण विषय समाधानाचा आहे. त्या खुर्चीवर बसून कॉफी पिताना माझे हात थरथरत होते, पण अकरा वर्षांत पहिल्यांदा मी जिथे असायला हवं होतं तिथेच होतो. दुसरीकडे कुठे असावं असं वाटत नव्हतं. चर्चमध्ये बसून हे मला कधी वाटलं नव्हतं, तिथे माझं अर्धं लक्ष नेहमी दाराकडे असायचं. ख्रिस्ताची शांती म्हणतात ती हीच का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. झोप आणणारी नव्हती एवढं नक्की. आणि ती मिळायला मला पापनाशमला यावं लागलं, एका हिंदू आईच्या घरी, शंकराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. आजी असती तर म्हणाली असती, "मग? त्याला कुठलं घर परकं आहे?"

निघताना बहिणीने एक प्लास्टिकची पिशवी आणली. पेन्शनचे कागद. तमिळ लोकांत आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. कोणीतरी कुठेतरी ते आद्याक्षर पूर्ण नाव करून लिहिलं, दुसऱ्या कागदावर पुढे होतं ते मागे गेलं, आणि आता एकाच आईची कागदोपत्री तीन नावं झाली आहेत. वडील असेपर्यंत ते खेटे घालायचे. आता तिला कोणी दाद देत नाही. आईने विचारलं, "सार, हे होईल का?"

मी पिशवी घेतली. म्हटलं, होईल.

हे कागद घेऊन गेले तीन आठवडे मी कारकुनांच्या मागे लागलोय. आयुष्यात इतक्या नम्रतेने मी कोणाशी बोललो नसेन. प्रतिज्ञापत्र झालं आहे, एक शिक्का बाकी आहे. काल संध्याकाळी फोन केला. बहिणीने उचलला, मागून आईचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही. विचारलं तर बहीण म्हणाली, "अम्मा विचारतेय, कागद पोस्टाने पाठवणार की आणून देणार?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढलंय. दोघांचं.